आधी कुठे जायचं: कॉलेजची समिती की पोलीस ठाणं?

जर्नलवर सही घ्यायला गेलं की सरांचा हात नको तिथे रेंगाळतो. रात्री साडेअकराला 'झोपलीस का?' असा मेसेज येतो. तक्रार करायची ठरलं, पण कुणाकडे?

एका कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी विद्यार्थी प्रतिनिधी होते, म्हणून थोडं आतलं सांगते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015च्या नियमांनुसार अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असते, एक सदस्य बाहेरची, आणि विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी. डीन, विभागप्रमुख यांना तिथे जागाच नाही. समितीचा खरा उपयोग शिक्षेपेक्षा मधल्या दिवसांत होतो: चौकशी चालू असताना तुमचे पेपर आणि व्हायवा त्या सरांकडून काढून घेण्याची शिफारस ती करू शकते. पोलीस हे करून देणार नाहीत. मुदत मात्र शेवटच्या घटनेपासून तीन महिने. कारण पटलं तर आणखी तीन. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याकडे जाते, त्यामुळे त्याच्यापासून नाव लपत नाही. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. आमच्याकडे एक सदस्य निवृत्त झाल्या आणि नव्या नेमणुकीची फाइलच दोन महिने फिरत होती! अर्जाची पोच घ्या, तारखेसकट.

मोबाइल जप्त करणं, अटक करणं हे फक्त पोलिसांच्या हातात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो. पण कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि तारखा पडत राहतात. समितीला 'असं घडल्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं.

बलात्कार किंवा मारहाण असेल तर विचार करत बसू नका, थेट पोलीस आणि दवाखाना. बलात्कार पीडितेवर मोफत उपचार करणं खासगी रुग्णालयालाही बंधनकारक आहे. अकरावी-बारावीतली, अठराच्या आतली मुलगी असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. कॉलेजला ते आपल्यातच ठेवता येत नाही, पोलिसांना कळवावंच लागतं.

'आधी समितीचा निकाल येऊ दे, मग पोलिसांचं बघू' असं ऑफिसात कोणी म्हणालं, तर ऐकू नका. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालतात, आणि पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं संस्थेचंच काम आहे. समेटही तुम्ही मागितला तरच, आणि पैसे घेऊन नाही.

वरच्या सरांसारखं प्रकरण असतं तर मी आधी समितीकडे गेले असते. पण केबिनमध्ये कोणी 'डिलीट करून टाक बाई' म्हणायच्या आत सगळे स्क्रीनशॉट मैत्रिणीच्या फोनवर पाठवून.