आप्पांची सोनोग्राफी : डॉक्टरला पाच स्टार, फोनला एक

आप्पांच्या उजव्या बरगडीखाली महिनाभर दुखत होतं, जेवल्यावर जास्त आणि भजी-बिजी झाली की हमखास. घरच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, यूएसजी ॲब्डोमेन अँड पेल्व्हिस, म्हणजे पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी. त्यातलं ते 'अँड पेल्व्हिस' घरात कुणीच नीट वाचलं नाही, मी पण नाही.

सेंटरचं नाव टाकत नाही कारण पुढं थोडी तक्रार आहे आणि माणसं तशी वाईट नाहीत. जुळे सोलापुरातून रिक्षानं वीसेक मिनिटं. फोन केला तर पलीकडून "उपाशीपोटी आणा, साडेआठला" एवढंच आणि फोन कट. आता आमचे आप्पा सहाला उठणार, आंघोळ, पूजा, आणि मग अर्धा कप चहा, बिनसाखरेचा. मी बघितलं तेव्हा कप रिकामा. म्हटलं आप्पा अहो उपाशी सांगितलंय, तर म्हणे "चहा म्हणजे काय खाणं असतंय व्हय?"

काउंटरवर मॅडमनी विचारलं काही घेतलं का, आप्पांनी खरं ते सांगून टाकलं. "दूध होतं का त्यात? मग आज नाही जमणार काका, उद्या या." वर म्हणतात कशा, तुमचं चहावर तरी भागलं, परवा एक आजी उपवास समजून साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या! म्हणजे लोकांची गडबड होते हे यांना पक्कं माहितेय, तरी फोनवर दोन वाक्यं जास्त बोलवत नाहीत. माझी अर्धी रजा आणि दोन्हीकडचं रिक्षाभाडं पाण्यात. एक स्टार त्याचाच.

चहानं एवढं काय बिघडतं हे मला दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या डॉक्टरांनीच सांगितलं. पित्ताशय म्हणजे पित्ताची छोटी पिशवी, उपाशी असताना ती भरून फुगलेली असते त्यामुळं आतलं नीट दिसतं. पोटात स्निग्ध काही गेलं, अगदी दुधातलं सुद्धा, की ती आवळून पित्त खाली सोडते, मग पिशवी चिमलेली दिसते, भिंत जाड वाटते, आत बारका खडा असला तर निसटू शकतो. म्हणून सहा ते आठ तास काही नाही. साधं पाणी चालतं. तंबाखू, गुटखा, च्युइंगगम पण नको कारण तोंड चाललं की हवा गिळली जाते आणि पोटात गॅस असला की मशीनला मागचं दिसत नाही. आदल्या रात्री आम्ही साधं वरण-भात आठला उरकलं, कोबी, हरभरा, सोडा बंद. रोजची शेंगाचटणी सुद्धा नाही, आप्पा जेवताना दोनदा ताटाकडं आणि एकदा माझ्याकडं बघून घेतले.

गोळ्यांचं मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच. आम्हाला सांगितलं की बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर रोजच्या वेळेला घ्या, शुगरची गोळी मात्र सोनोग्राफी होऊन काही खाल्ल्यानंतर. इन्सुलिनवाल्यांनी तर विचारायलाच पाहिजे, उपाशी राहून शुगर खाली गेली तर नसती आफत. शुगरचा पेशंट असेल तर फोनवर तसं सांगून सकाळचा पहिला नंबर मागा, देतात.

आता ते 'अँड पेल्व्हिस'. नुसतं वरचं पोट बघायचं असेल तर उपाशी एवढं पुरतं. पण लघवीची पिशवी, पुरुषांचं प्रोस्टेट, बायकांचं गर्भाशय बघायचं असलं की लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणजे तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. भरलेल्या पिशवीतून मागचं स्वच्छ दिसतं आणि आतडी बाजूला सरकतात. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी तिथं गेल्यावर कळलं! मग काय, बसा पाणी पित. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात आमच्या आप्पांना एक थेंब सांडलेला चालत नाही, इथं ग्लासावर ग्लास रिचवले आणि नंबर यायला पाऊण तास. पहिली वीस मिनिटं गप्पा, नंतर भिंतीवरचा गर्भलिंग निदान केले जात नाही हा बोर्ड त्यांचा तीनदा वाचून झाला, मग पाय हलवणं सुरू. शेजारी एक चाळीशीतला माणूस, त्याची पण तीच अवस्था, घाम पुसत विचारतोय "किती वेळ लागलालंय ओ मॅडम अजून?" आणि आतून उत्तर, "दोनच नंबर." हे दोनच नंबर अर्धा तास दोनच होते. ज्यांना पाणी पाजलंय त्यांना तरी वेळेवर आत घ्या की हो.

आत गेल्यावर मात्र सगळी चिडचिड उतरली. एसी, स्वच्छ बेड, नवा कागद अंथरलेला. सदरा वर, लेंग्याची नाडी सैल, करदोडा थोडा खाली सरकवला. आईनं घरी तीनदा विचारलं होतं की त्या किरणांनी काही होतंय का, तर यात एक्स-रेसारखी किरणं नसतात, कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतात आणि परत येतो त्याचं चित्र बनतं. हवेतून तो आवाज नीट जात नाही म्हणून कातडी आणि पोटावर फिरवायची मशीनची मूठ यांच्यामध्ये हवा राहू नये यासाठी ती जेल. गार जेल पडल्याबरोबर आप्पा "आईगं" म्हणाले तेवढंच, दुखत काही नाही, फक्त बरगडीखाली आणि ओटीपोटावर जरा दाबतात आणि पिशवी भरलेली असताना ते दाबणं म्हणजे परीक्षाच.

"श्वास घ्या, धरा, सोडा" असं बऱ्याच वेळा. श्वास धरला की लिव्हर बरगडीच्या खाली सरकतं आणि दिसतं. आप्पा रोज प्राणायामवाले, धरला तो सोडेनातच, डॉक्टर हसून म्हणाले काका सोडा आता, चित्र मिळालं. मग डाव्या कुशीवर वळवलं आणि तिथं स्क्रीनवर मला पण दिसलं, पित्ताच्या काळ्या पिशवीत पांढरा ठिपका आणि त्याच्या मागं काळी सावली. वळल्यावर ठिपका खाली घरंगळला. डॉक्टर म्हणाले खडा, नऊ एमएम, हलतोय म्हणजे चिकटलेला नाही. शांतपणे, न घाबरवता. शेवटी लघवीला पाठवलं (आप्पा जवळजवळ पळत गेले) आणि परत आल्यावर पिशवीत किती उरलं तेही मोजलं, प्रोस्टेटवाल्यांचं हे बघतातच. सगळं मिळून वीस मिनिटं.

रिपोर्ट अर्ध्या तासात हातात. पित्ताशयात एक खडा, ग्रेड वन फॅटी लिव्हर (म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी), प्रोस्टेट थोडं वाढलेलं, आणि स्वादुपिंडाचा काही भाग गॅसमुळं दिसला नाही असं सरळ लिहिलंय, हे मला आवडलं. तो रिपोर्ट घरी बसून मोबाईलवर शोधत बसू नका, मी बसलो, रात्रभर झोप नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवायचा. आणि सोनोग्राफीत अल्सर, ॲसिडिटी कळेल अशी आशा नको, त्याला एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून बघणं लागतं.

आमचे बाराशे झाले, पावती मागितल्यावर मिळाली, जुने रिपोर्ट घेऊन जा कारण डॉक्टर खरंच वाचतात. परत जाईन का? जाईन, त्या डॉक्टरांसाठी. फक्त फोनवर स्वतःच विचारा, चिठ्ठीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा आणि उपाशी म्हणजे किती तास, पाणी प्यायचं का, हे वदवून घ्या. आणि हो, टॉयलेट एकच आहे, त्याची किल्ली काउंटरवर असते, आत जायच्या आधीच मागून खिशात ठेवा.