महायुद्धांच्या काळातील मुंबई आणि स्त्रिया : फोर्टमधील एका इतिहासफेरीचे परीक्षण

अपोलो बंदरापासून बॅलार्ड इस्टेटपर्यंत मराठीतून चालणारी ही फेरी दोन महायुद्धांनी स्त्रियांच्या आयुष्यात काय बदलले, या एकाच प्रश्नाभोवती रचलेली आहे. पहिल्या महायुद्धात ताजमहाल हॉटेलचे ६०० खाटांचे रुग्णालय झाले होते, या माहितीपासून निवेदनाला सुरुवात होते.

युद्धाने स्त्रियांना मुक्त केले, हे सोपे विधान निवेदिका स्वीकारत नाहीत, हा या फेरीचा सर्वांत मोठा गुण आहे. ब्रिटनमध्ये १९१८ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला खरा. परंतु तो तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्यांपुरता होता, त्यामुळे दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या असंख्य तरुण मुली त्यातून वगळल्या गेल्या, आणि १९१९ च्या कायद्याने युद्धपूर्व कामपद्धती पुन्हा लागू झाल्यावर अनेकींची कामेही गेली. मुंबई इलाख्यात स्त्रियांना १९२१ मध्ये मताधिकार मिळाला, त्यामागे येथील स्त्रियांनी सातत्याने केलेली मागणी होती, हेही त्या ठामपणे सांगतात.

दुसऱ्या महायुद्धाचा भाग मला अधिक मोलाचा वाटला. १९४२ मध्ये लष्कराचे महिला साहाय्यक दल स्थापन झाले आणि सुशिक्षित मुली गणवेश घालून टंकलेखन, दूरध्वनी व संदेशवहनाची कामे करू लागल्या. त्याच वर्षी, त्याच शहरात, बावीस वर्षांच्या उषा मेहता सरकारविरुद्ध गुप्त रेडिओ चालवीत होत्या आणि नोव्हेंबरात पकडल्या गेल्या. या दोन्ही वाटा शेजारी ठेवून, कोणत्याही एकीला कमी न लेखता त्यांचा विचार करायला लावणारे निवेदन मी क्वचितच ऐकले आहे.

मात्र गिरणगाव या कथनात जवळजवळ नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. युद्धाच्या मागणीमुळे गिरण्या रात्रपाळीतही चालल्या. पण स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे त्या वाढलेल्या रोजगाराचा लाभ मुख्यतः पुरुषांना झाला. युद्ध सर्वत्र स्त्रियांना कारखान्यात आणते, या समजाला मुंबईनेच दिलेले हे उत्तर आहे. सातारा आणि रत्नागिरीतून सैन्यात गेलेल्यांच्या मागे शेत, सावकार आणि सासू-सासरे सांभाळणाऱ्या बायकांचाही केवळ ओझरता उल्लेख येतो. गणवेशातील स्त्रीचे छायाचित्र उपलब्ध असते, यांचे नसते. म्हणूनच त्यांच्यासाठी अधिक वेळ राखायला हवा.

निवेदन संयत आणि अभ्यासपूर्ण असून प्रश्नांना सविस्तर उत्तरे मिळतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ही फेरी मी आग्रहाने सुचवीन. गोदीकडील रस्त्यावर अवजड वाहनांच्या आवाजात बरेच ऐकू येत नाही, त्यामुळे शक्यतो रविवारी सकाळची वेळ निवडावी.