ई-लर्निंग डेव्हलपर की वेबसाइट अ‍ॅडमिन: कुठली वाट धरावी?

दोन्ही नोकऱ्यांच्या जाहिराती शेजारी ठेवल्या की आधी सॉफ्टवेअरची नावं डोळ्यांत भरतात. मी म्हणेन, आधी हे पाहा की काम संपतं कधी. कोर्स एक दिवस क्लायंटच्या हवाली होतो आणि तुम्ही पुढच्याला लागता. वेबसाइट कधीच हातावेगळी होत नाही.

ई-लर्निंगमध्ये इन्स्ट्रक्शनल डिझायनरकडून, म्हणजे धड्याची आखणी करणाऱ्याकडून, स्टोरीबोर्ड (कुठल्या स्लाइडवर काय हवं याचा आराखडा) येतो. तुम्ही तो स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेट अशा कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधता, व्हॉइसओव्हर जुळवता, क्विझ लावता आणि स्कॉर्म या ठरावीक पद्धतीतलं पॅकेज काढून एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या आणि शिकणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर, चढवता. खरी कसोटी त्यानंतर लागते. समजा, एखादा कर्मचारी कोर्स अर्ध्यावर सोडतो आणि दुसऱ्या दिवशी उघडतो, तर पुन्हा पहिली स्लाइड! स्लाइडमध्ये चूक सापडत नाही, क्विझमध्येही नाही. अशा वेळी सस्पेंड डेटा, म्हणजे शिकणारा कुठे थांबला याची साठवलेली नोंद, तपासायचा. स्कॉर्म १.२ मध्ये त्याला ४,०९६ अक्षरांची मर्यादा आहे. कुठली स्लाइड पाहिली, काय उत्तर दिलं याची नोंद त्यापलीकडे गेली, की काही एलएमएस ती जतनच करत नाहीत. मग कोर्सचे दोन तुकडे करा, नाहीतर एलएमएसला चालत असेल तर स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत पब्लिश करा. तिथे मर्यादा ६४,००० अक्षरांची आहे. अशी गाठ सोडवण्यात गोडी असेल तर या क्षेत्रात मन रमतं. नुसतं अ‍ॅनिमेशन आवडतं म्हणून आलेला माणूस रिव्ह्यूच्या फेऱ्यांनीच वैतागतो.

एका टूलवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. पूर्वी ज्यात कोर्स बनत ते फ्लॅश अडोबीने २०२० च्या अखेरीस बंद केलं, तेव्हा चालू ठेवायचे कोर्स एचटीएमएल५ मध्ये नव्याने बांधावे लागले. आता व्हॉइसओव्हर आणि भाषांतराचा कच्चा खर्डा यंत्र करून देतं. शिकणारा नेमका कुठे अडखळेल हे ओळखणं अजून माणसाकडेच आहे, आणि मला तरी या कामाचा तोच सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

वेबसाइट अ‍ॅडमिनकडे होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), डीएनएस (साइटचं नाव त्या सर्व्हरशी जोडणारी व्यवस्था), बॅकअप, वर्डप्रेसचे अपडेट, कोणाला कुठले अधिकार द्यायचे, फॉर्म का जात नाही, असं सगळं येतं. साइट नीट चालते तोवर तुमची कोणाला आठवण होत नाही. कॉलेजच्या निकालाच्या दिवशी ती झोपली, की सगळे फोन तुम्हालाच. हा ताण सोसत नसेल तर इकडे येऊ नका.

नुसता मजकूर आणि फोटो चढवण्याला अ‍ॅडमिनचं काम समजू नका. तेवढ्यावर पगार वाढत नाही. लिनक्स आणि स्क्रिप्टिंग यायलाच हवं. साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रांचंच पाहा: मार्च २०२६ पासून त्यांची कमाल मुदत २०० दिवस, २०२९ पासून फक्त ४७. ती दर वेळी हाताने बदलत बसणं परवडणार नाही. हे जमलं की क्लाउडकडे जाण्याचा रस्ता मोकळा होतो. आणि बॅकअप एकदा तरी रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

गाव सोडायचं नसेल तर अ‍ॅडमिनचं पारडं थोडं जड आहे. तालुक्याच्या कॉलेजला, पतसंस्थेलाही साइट सांभाळणारं कोणीतरी लागतं. ई-लर्निंगची सुरुवात मात्र पुण्या-मुंबईत झालेली बरी. टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स ही ई-लर्निंग कंपनी मुंबईत १९९० मध्येच सुरू झाली होती.

तरीही ठरत नसेल तर एखादं साधं होस्टिंग घेऊन त्यावर मूडल हे एलएमएस बसवा. ते फुकट आहे आणि ही दोन्ही कामं तिथे एकत्र येतात. चांगला येणारा एखादा विषय घ्या, एच५पी या धडे आणि क्विझ बनवायच्या साधनात छोटा धडा करा आणि मित्रांना सोडवायला द्या. मूडलचा क्रॉन, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारी व्यवस्था, दर मिनिटाला चालायला हवा, तोही लावा. क्रॉनच्या मागे लागून रात्र कधी सरली ते कळलं नाही, तर अ‍ॅडमिन व्हा. क्रॉनचा कंटाळा आला, पण धड्यातला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा बदलावासा वाटला, तर ई-लर्निंग धरा.