रिमॅपनंतरचे दहा महिने आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला तो झटका

गाडी रिमॅप करून, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या कंप्युटरमधला मॅप (सेटिंग) बदलून, दहा महिने झाले, चौदा हजार किलोमीटर झाले. पिकअपबद्दल सगळेच लिहितात, म्हणून ते आधी उरकतो. २००० आरपीएमच्या वर गाडी आता जी खेचते, त्यानंतर जुन्या मॅपवर परत जायची इच्छा होत नाही. सावकाश चालवली तर पेट्रोलच्या खपात मला फरक जाणवला नाही. मला लिहायचंय ते गिअरबद्दल. या दहा महिन्यांतले जवळजवळ चार मी एका झटक्याच्या मागे होतो, आणि तो सापडला तेव्हा गिअरबॉक्समध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं.

गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल, गिअरबॉक्स सहा गिअरचा, ओला ड्युअल क्लच, म्हणजे दोन्ही क्लच तेलात बुडालेले. गिअरबॉक्सला कंपनीने ठरवलेली टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराची, मर्यादा ३५० न्यूटन मीटर. रिमॅप फक्त इंजिनचा केला होता, गिअरबॉक्सच्या कंप्युटरला हात लावला नव्हता. ‘पहिल्या स्टेजला (रिमॅपच्या सगळ्यात सौम्य पायरीला) गरज नाही’ असं मला सांगण्यात आलं आणि मी ते ऐकलं.

सहाव्या आठवड्यात सुरू झालं. इंजिन गरम, अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल साधारण अर्धं दाबलेलं, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएमचा काटा आधी जरासा वर उडायचा आणि लगेच मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का बसायचा. चौथ्यातून पाचव्यात थोडा कमी. गंमत म्हणजे पॅडल पूर्ण दाबलं की तिसरा अगदी लोण्यासारखा पडायचा. जोर लावला की त्रास वाढायला हवा, इथे उलटंच. ही एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवली होती. तिचा नीट विचार तेव्हाच केला असता तर बराच वेळ वाचला असता.

पहिलं निदान ऐकायला मिळालं ते ‘मेकाट्रॉनिक गेलं’. ड्युअल क्लचच्या गाडीत काहीही झालं की हेच ऐकू येतं. मेकाट्रॉनिक म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू आणि त्याचे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह एकाच डब्यात. तो मरतो, नाही असं नाही, पण बदलायला सांगण्याआधी थोडं डोकं चालवावं लागतं. पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स एका क्लचवर. दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्यावर. तिसऱ्यात जाताना जो क्लच घट्ट होतो तोच गाडी जागेवरून उचलतो. तो किंवा त्याचा व्हॉल्व्ह खराब असता, तर पहिल्यात निघताना आणि रिव्हर्स घेताना थरथर जाणवली असती. माझी गाडी दोन्हीकडे साफ निघत होती. म्हणून मी गिअरबॉक्स उघडू दिला नाही.

तेल मात्र बदललं. या प्रकारच्या गिअरबॉक्सला साठ हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचा असतो आणि ती वेळ जवळ आलीच होती. तेलाची पातळी ३५ ते ४५ अंश तापमानाला, गाडी सपाट आणि इंजिन चालू ठेवून बघायची असते. थंड तेलावर मोजलं की भरणाऱ्याची हमखास चूक होते. ड्रेन प्लग मी स्वतः हातात घेऊन बघितला. चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट होती, बोटांत चोळली तर खरखरीत लागत नव्हती, चकाकणारी कपची एकही नव्हती. तेलाला जळका वासही नव्हता. त्या दिवशी माझी निम्मी काळजी मिटली.

त्यानंतर स्कॅनरवरून बेसिक सेटिंग केलं, म्हणजे क्लच नेमके कुठे पकडतात ते कंप्युटरला नव्याने शिकवलं. दोन आठवडे गाडी सुंदर चालली. मग झटका परत. शिकवणीने सुधारतं आणि पुन्हा बिघडतं, याचा अर्थ कंप्युटर रोजच्या चालवण्यात काहीतरी चुकीचं शिकतोय. पण त्याला चुकीचं शिकवतंय कोण?

इथे लॉग, म्हणजे चालवताना स्कॅनरने टिपलेल्या आकड्यांची नोंद, कामी आला. इंजिनचा आरपीएम, गिअरबॉक्सच्या दोन्ही इनपुट शाफ्टचे (प्रत्येक क्लच फिरवतो त्या दांड्यांचे) आरपीएम, इंजिन कळवत असलेला टॉर्क आणि आत ओढली जाणारी हवा, एवढी पाचच चॅनेल घेतली. जास्त घेतली की नोंदींचा वेग पडतो आणि गिअर बदलण्याचा क्षणच निसटतो. तिसऱ्यात पूर्ण पॅडल दाबून धावताना इंजिन आणि शाफ्ट यांच्या रेषा एकमेकींना चिकटून वर जात होत्या. क्लच घसरत नव्हता. मग अर्ध्या पॅडलवर दुसऱ्यातून तिसऱ्यात. इंजिनची रेषा खाली यायला हवी, ती आधी अडीचशे आरपीएमने वर गेली आणि मग कोसळली. पण माझी नजर अडकली ती टॉर्कच्या रेषेवर. हवा वाढतेय आणि कळवलेला टॉर्क ३५० वर जाऊन पट्टीने आखल्यासारखा सपाट.

या गिअरबॉक्सला टॉर्क मोजणारा सेन्सर नाही. इंजिनचा कंप्युटर जो आकडा सांगेल त्यावर तो विश्वास ठेवतो आणि तेवढाच दाब क्लचवर देतो. मॅप करताना इंजिनची ताकद वाढवली होती, पण सांगितला जाणारा आकडा मर्यादेवर कापून टाकला होता, बहुधा गिअरबॉक्सने स्वतःच ताकद कमी करायला लावू नये म्हणून. गिअर लागल्यावर क्लचवर गरजेपेक्षा थोडा जास्त दाब असतो, त्यामुळे तिथे खोटा आकडा खपून जातो. एक क्लच सोडतोय आणि दुसरा धरतोय त्या क्षणी मात्र हिशोब काटेकोर असतो. जुन्या क्लचने सोडलं, नव्याला वजन पेललं नाही, इंजिन मोकळं सुटून काटा वर गेला, घसरण ओळखून कंप्युटरने दाब एकदम वाढवला. तोच धक्का.

अर्ध्या पॅडलचं कोडंही सुटलं. अर्ध्या पॅडलवर गाडी साडेतीन हजारांच्या आसपास गिअर बदलते आणि तिथेच या टर्बोचा टॉर्क सगळ्यात जास्त असतो. पूर्ण पॅडलवर ती सहा हजारांच्या वर बदलते. तोवर टॉर्क उतरलेला असतो आणि सांगितलेला आकडा खऱ्याच्या जवळ येतो.

मॅप दुरुस्त करून घेतला, टॉर्कचा आकडा खरा जाऊ दिला आणि गिअरबॉक्सच्या कंप्युटरमधली मर्यादा व क्लचचा दाब त्या हिशोबाने वाढवून घेतला. पुन्हा बेसिक सेटिंग. दुसऱ्यातून तिसरा पहिल्याच फेरीत शांत पडला. खरं सांगतो, मी तो रस्ता त्या दिवशी चार वेळा फिरलो.

आणि तरीही पाचव्यात, ३००० आरपीएमवर, चढावर एक हलका झटका उरलाच. तो गिअर बदलताना नव्हता, गिअर लागलेला असताना होता. पाठीला दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून इतके दिवस मी दोघांना एकच समजत होतो. मिसफायरचे (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटण्याचे) काउंटर उघडले तर तिसऱ्या सिलिंडरचा आकडा चढत होता. स्पार्क प्लग काढून फीलर गेज (फट मोजायची पट्टी) लावला, गॅप ०.८ मिलिमीटरच्या वर गेलेला. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात मोठ्या गॅपवरून ठिणगी उडवायला प्लगला वीज देणारी कॉइल कमी पडते. एक दर्जा थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग, गॅप ०.६५, आणि तो झटका गेला.

इंजिनचं खालचं माउंटिंगही (ज्या रबरी आधारावर ते बसतं तो) मी रिमॅपच्या वेळीच कडक घातलं होतं. त्याने झटका निर्माण केला नाही, पण होता तो केबिनपर्यंत मोठा करून आणला. निदान चालू असताना मूळ रबर परत बसवलं असतं तर बरं झालं असतं.

सुका क्लच असलेल्यांनी माझं तेलाचं प्रकरण सोडून द्यावं. तिथे क्लच तेलात नसतात, रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापून थरथरतात, आणि मर्यादाही बऱ्याचदा २५० न्यूटन मीटरच्या आसपास असते. तिथे रिमॅप करताना मी फार जपून पाऊल टाकेन.

आता पाच महिने झटका नाही. दर महिन्याला एकदा तोच पाच चॅनेलचा लॉग त्याच चढावर घेतो आणि जुन्या लॉगवर ठेवून बघतो. परवाच्या लॉगमध्ये दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनची रेषा न उडता सरळ खाली उतरली होती.