फोमवर उठलेला ‘अजिंक्य’: मोती चौकाजवळच्या एम्ब्रॉयडरीवाल्या दादांचं काम

पहाटे साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर चालायला जाणाऱ्या आम्ही 22 जणी. सगळ्यांना एकसारख्या टोप्या हव्या होत्या: गडद निळ्या, पुढं भगव्या दोऱ्यात उठावाचं ‘अजिंक्य’. मी 26 वर्षं ब्लाउज शिवते, टाका कसा पडलाय ते लगेच नजरेत भरतं. मागच्या वर्षी दुसरीकडून करून घेतल्या होत्या. अक्षरांना उठाव यावा म्हणून दोऱ्याखाली फोम घालतात, त्यांनी भगव्या दोऱ्याखाली पांढरा फोम घातला. दुसऱ्या धुण्यातच शिरोरेषेच्या टोकांतून पांढरं डोकवायला लागलं, ‘क्य’चा तर नुसता गोळा. फार वाईट वाटलं होतं.

यंदा मोती चौकातून आत बोळात जे दुकान आहे, तिथं गेले. दादांनी डिझाइन बघितलं आणि आधी नाहीच म्हणाले. “ताई, हा अनुस्वार फोमवर धरत नाही. एवढ्याशा ठिपक्यात सुई इतक्यांदा खाली जाते की फोमचा चुरा होतो.” मग अनुस्वार सपाट, बाकी अक्षरं जाड, असं पंचिंग, म्हणजे मशीनसाठी टाक्यांची आखणी, त्यांनी नव्यानं केलं. साध्या भरतकामात दोन टाक्यांत साधारण 0.4 मिमी अंतर असतं, फोमवर ते निम्म्यावर आणावं लागतं, नाहीतर खालचा फोम दिसतो. प्रत्येक रेघेचं टोकही टाक्यांनी बंद करावं लागतं. मागच्या वेळी नेमकं तेच राहिलं होतं! टोप्यासुद्धा पुढं मधोमध शिवण नसलेल्या निवडायला लावल्या.

पहिली टोपी मी तिथंच बसून बघितली. मशीननं आधी अनुस्वार भरला आणि थांबलं. दादांनी 3 मिमीचा भगवा फोम वर ठेवला, वेग कमी केला. अक्षरं भरून झाल्यावर घेवड्याची शीर काढावी तसा बाजूचा फोम टाक्यांच्या कडेनं सरसर सुटून आला. कुठं कुठं राहिलेली बारीक कुसळं गरम हवेच्या गननं आक्रसून आत गेली. ‘ज’वरून बोट फिरवलं, कडा कशी घट्ट आणि गोल लागली!

टोपीमागं 240 रुपये, पंचिंगचे 600 वेगळे. काम 4 दिवस उशिरा मिळालं आणि त्या दिवसांत फोन उचलत नव्हते, हे मला अजिबात आवडलं नाही. एका टोपीवर अक्षरं किंचित तिरकी होती, ती मात्र न बोलता बदलून दिली.

पावसाळाभर वापरल्या, हातानं धुतल्या, पिळल्या नाहीत. फोमवर इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेनं तो बसतो. अजून एकीचंही अक्षर दबलेलं नाही. आता थंडीसाठी स्वेटशर्ट सांगितलेत. पातळ टी-शर्टवर हे काम नको म्हणाले, कापड ओढलं जातं. स्वेटशर्टचंही कापड आधी आणून दाखवा, मगच रेट सांगतो म्हणाले. सोमवारी घेऊन जाणार आहे.