महिंद्रा एमएम ५४० जीपमध्ये डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन: अकरा महिन्यांनंतर, आणि एका तांब्याच्या वॉशरबद्दल

गेल्या आठवड्यात अखेर सापडलं. फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, टाकीकडून येणारी लाइन ज्या बँजो बोल्टने (आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) जोडलेली असते, त्याच्याखालचा तांब्याचा वॉशर. १४ मिमीचा. पुसून उन्हात तिरका धरला तेव्हा आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत केसाएवढी एक रेघ दिसली. नखाला जेमतेम लागत होती. सात महिने रोज सकाळी गाडी पंधरा-वीस सेकंद सेल्फ खायची, मग धूर काढून एकदाची उठायची. त्याचं कारण ही रेघ. मधल्या काळात नोझलना डिझेल देणारा मोठा पंप (फ्युएल इंजेक्शन पंप) उतरवून कॅलिब्रेशन झालं, चारही नोझल बदलून झाले, नवी बॅटरी बसली. पंपाच्या दुकानात ठामपणे सांगितलं होतं की पंपच गेलाय. पंपाला काहीही झालेलं नव्हतं. वॉशरची किंमत दहा-पंधरा रुपये.

त्यामुळे हा अनुभव बराचसा डिझेल लाइनबद्दल असणार आहे. पण इंजिन बदलायच्या विचारात असलेल्यांसाठी बाकीचंही सांगून ठेवतो.

मूळ इंजिन पूजो एक्सडीपी ४.९०. नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ८३ मिमी, म्हणजे २११२ सीसी, आणि ६२ हॉर्सपॉवर तेही ४५०० आरपीएमला. गरम होऊन हेडला दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर गेली होती. चांगलं हेड मिळेना, जे मिळालं ते आधीच दोनदा फेसिंग झालेलं. म्हणून २५२३ सीसीचं डीआय घेतलं. याचा बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी. बोअरपेक्षा स्ट्रोक लांब, त्यामुळे इंजिनाचा सगळा स्वभाव खालच्या आरपीएमचा. हीटर प्लग नाहीत, बोअर-पिस्टनपासून फिल्टरपर्यंत सगळं तालुक्याच्या गावात मिळतं आणि ट्रॅक्टरवर हात बसलेला कोणताही मिस्त्री ते डोळे झाकून खोलतो.

इंजिन सुटं घेऊ नका. बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, सेल्फ, अल्टरनेटर आणि जमलं तर गिअरबॉक्ससुद्धा त्याच गाडीतून उतरलेला, असा अख्खा संच घ्या. सुटं घेतलं की अ‍ॅडॉप्टर प्लेट बनवायला लेथवाल्याकडे जावं लागतं. त्या प्लेटचं मध्य जरा जरी सरकलं, तरी इनपुट शाफ्ट आणि पायलट बेअरिंग एका रेषेत राहत नाहीत. मग क्लच प्लेटचा हब खाल्ला जातो आणि पायलट बेअरिंग वाजायला लागतं. अशा गाडीत क्लच वर्षभरही टिकत नाही.

घेताना इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडा. वाफ हलकी असेल तर ठीक, इंजिनाच्या ठोक्याबरोबर फुंकर येत असेल तर रिंगा गेल्या. मग चेंबर (खालची ऑइलची टाकी) खोलून एक बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग, काढून बघा. बेअरिंगच्या पाठीवर अंक असतो, त्यावरून क्रँक आधी किती घासलाय ते कळतं. शेवटच्या मापापर्यंत घासलेला असेल तर ते इंजिन स्वस्त असूनही महाग पडतं. विकणारा चेंबर खोलू देत नसेल तर उठून यावं.

बसवताना तीन गोष्टींवर वेळ घालवा. पहिली, इंजिनाचा कल. इंजिन मागच्या बाजूला तीन-चार अंश उतरतं बसलं पाहिजे आणि प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन सारखे आले पाहिजेत. ते जुळले नाहीत तर ठरावीक वेगाला गाडी गुणगुणते आणि क्रॉस लवकर जातात. दुसरी, फौंडेशनचे, म्हणजे इंजिनाखालच्या रबरांचे, बोल्ट. आधी हाताने सैल ठेवा, इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलला चालवा, ते आपल्या जागी बसू द्या आणि मग आवळा. आधीच आवळले की रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि सगळी थरथर बॉडीत उतरते. तिसरी, अर्थिंगची जाड पट्टी, इंजिन ते चॅसिस. इंजिन रबरावर बसलेलं असतं. पट्टी नसेल तर सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा स्टॉपच्या वायरमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली तर समजा पट्टी नाही किंवा गंजलीय.

डीआय जड आहे, पुढचे पाटे बसतात. एक पान वाढवून घ्यावं लागलं. अल्टरनेटरच्या मागे ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप असतो. त्याची ऑइल परत जाणारी नळी रुंद आणि सरळ उताराची ठेवा. ती दुमडली की पंपात ऑइल साचतं आणि अल्टरनेटरमध्ये उतरतं.

आता वेगाबद्दल, कारण यात लोक फसतात. पूजो साडेचार हजारापर्यंत ओढायचं, हे तीन हजाराच्या आसपास दम टाकतं. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरा. डिफरन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या) ५.३८ असेल तर टॉप गिअरला तीन हजार आरपीएमवर ताशी ७३-७४ किमी. ४.८८ असेल तर ८१. ४.२७ असेल तर ९२-९३. आपलं कोणतं ते ओळखायला मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलला टाका आणि दोन्ही चाकं एकत्र एक पूर्ण फेरी फिरवत प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजा. किंवा डिफरन्शियलच्या क्राउन आणि पिनियनचे दात मोजा: अनुक्रमे ४३ आणि ८, ३९ आणि ८, ४७ आणि ११. ही मोजणी इंजिन घ्यायच्या आधी करा. पुढे-मागे वेगळ्या रेशोची डिफरन्शियल टाकून फोर व्हील लावला तर ट्रान्सफर केस तुटतो, तेव्हा बदलायची तर दोन्ही बदलायची.

पहिल्या तीन महिन्यांत मत विचारलं असतं तर मी डीआयला पूर्ण मार्क दिले असते. लो गिअरला पाय न लावता भाताच्या खाचरातून गाडी चालते, गारा टायरला चिकटलेला असला तरी इंजिन गुदमरत नाही. घाटात तिसऱ्यात पडून राहते. पाण्याचा काटा मधल्या खुणेच्या वर कधी गेला नाही, त्याचं थोडं श्रेय फॅनच्या शेरवानीला, म्हणजे फॅनभोवतीच्या श्राउडला (आवरणाला). फॅनची पाती अर्धी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर अशी बसवली आहेत. लिटरला १२ ते १३ पडतात, पूजो ९-१० द्यायचं. माझ्यासारख्या प्रत्येक टाकीचा हिशेब वहीत लिहिणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

पाचव्या महिन्यात मत थोडं बदललं. आयडलला ही गाडी हलते. नुसती हलत नाही, बोल्ट काढते. रेडिएटरचा खालचा ब्रॅकेट वेल्डिंगच्या कडेला फाटला, बॅटरीच्या ट्रेला चीर गेली, नोझलच्या एका पाइपची क्लिप गळून पडली आणि तो पाइप शेजारच्या पाइपवर घासून चपटा झाला. पूजोमध्ये यातलं काही होत नव्हतं. उपाय सापडले: रेडिएटर खालून-वरून रबराच्या चकत्यांवर, मध्ये लोखंडी बुश घालून, म्हणजे बोल्ट आवळला तरी रबर मोकळं राहतं. नोझलच्या चारही पाइपांना क्लिपा. बॉडीच्या बोल्टना नायलॉक नट. आता ठीक आहे. पण तुमच्या ४.९० चं हेड धड असेल, पाणी कमी होत नसेल, तर इंजिन बदलू नका. त्या पैशात पूजोचं रिंगा-बेअरिंगचं काम होईल आणि गाडी शांत चालेल.

आता एअरचं, म्हणजे डिझेल लाइनमध्ये शिरणाऱ्या हवेचं.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथे गळती असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, ओल नाही, वास नाही. त्यामुळे मिस्त्री खाली वाकून बघतो आणि सांगतो, लाइन कोरडी आहे, पंप बघा. फीड पंपाच्या पुढची बाजू दाबावर चालते, तिथली गळती ओली दिसते. मागच्या बाजूचा कोरडेपणा हा पुरावा नसतो, हे मला आधी कळायला हवं होतं.

लक्षणं अशी होती. दिवसभर चालू-बंद केली तर एका सेल्फमध्ये उठायची. रात्रभर उभी राहिली की सकाळी त्रास. नाक चढाकडे करून लावली तर जास्त. टाकी पाव भरलेली असली तर आणखी जास्त, भरलेली असली तर जवळजवळ नाहीच. ही चार लक्षणं एकत्र असतील तर पंपाला हात लावू नका. डिझेल रात्रीतून टाकीत परत उतरतंय.

पक्कं करायला पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, इंजिनापेक्षा उंच बांधा आणि त्यातून थेट फीड पंपाला नळी जोडा. एअर काढा, दोन दिवस सकाळी सुरू करून बघा. पहिल्या सेल्फला उठली तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात. तरीही त्रास असेल तर फीड पंपाचे आतले व्हॉल्व्ह (कचरा अडकून अर्धवट उघडे राहतात), पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह आणि फिल्टरचं गॅस्केट, या क्रमाने बघा.

आमच्याकडे कॅनवर गाडी लगेच उठली. मग फीड पंपाच्या पुढे हातभर पारदर्शक नळी टाकली. आयडलला त्यात मोहरीएवढे बुडबुडे, ओळीने. तीच नळी टाकीजवळ नेऊन बसवली तर बुडबुडे नाहीत. म्हणजे मधल्या दीड मीटरमध्येच कुठेतरी. दोन क्लिपा बदलल्या, जुना रबर पाइप बदलला, बुडबुडे तसेच. राहिला तो बँजो.

हा वॉशर इंजिन बसवताना जुनाच परत लावला गेला होता. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं. दुसऱ्यांदा ते पृष्ठभागाच्या खाचखळग्यांत बसत नाही, कितीही आवळा. जास्त आवळलं तर बँजो बोल्ट पोकळ असल्यामुळे मानेतून तुटतो. नवा वॉशर मिळत नसेल तर जुना गॅसवर लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, तांबं मऊ होतं. मग काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू गोल गोल घासा, चमक सगळीकडे सारखी दिसेपर्यंत. रेघ खोल असेल तर मात्र फेकून द्या. बँजोच्या दोन्ही बाजूंना वॉशर लागतो, एक बोल्टच्या डोक्याखाली आणि एक पंपाच्या तोंडावर. दोन्ही एकाच वेळी बदला.

मग एअर काढणं. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करा, हात पंप मारत राहा. आधी फेस येईल, मग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू बंद करा, हात थांबवून बंद केला तर हवा परत आत जाते. तेच पंपाच्या स्क्रूला. शेवटी नोझलकडचे नट एकेक फेरी सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. सैल नटाच्या धारेसमोर बोट धरू नका, तो दाब कातडीतून आत जातो.

कागदांचं थोडक्यात. इंजिन बदलणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येतं. आधी आरटीओची परवानगी, मग काम, मग आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर. इंजिन पावतीसह घ्या, पावतीवर नंबर असू द्या आणि नंबरची पट्टी घासलेली नाही हे स्वतः बघा. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी नंबर जुळत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, तेव्हा हे सगळं परत तपासलं जातं.

आज सकाळी, सलग आठवा दिवस, नाक चढाकडे आणि टाकी पाव, अर्ध्या सेकंदात उठली. पारदर्शक नळी तात्पुरती म्हणून लावली होती, ती अजून तिथेच आहे. डिझेलने ती कडक होते, पिवळी पडते आणि क्लिपेजवळ तडकते, म्हणून या रविवारी ती काढून डिझेलसाठीचा रबर पाइप टाकणार. वॉशर चार आणलेत. दोन लागतील, दोन टूलबॉक्समध्ये.