आरएक्स 100 चा कार्ब्युरेटर रिपेअर किट: रबर वापरा, पितळ बाजूला ठेवा

यामाहा आरएक्स 100 या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं उत्पादन 1996 साली थांबलं. त्यामुळे आज शेडमधून बाहेर निघणारी कुठलीही आरएक्स किमान तिशीच्या घरातली असते, आणि वर्षानुवर्षं उभी असेल तर पहिला संशय कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, जातो. त्यासाठी स्पेअरच्या दुकानात बिनब्रँडचा रिपेअर किट सहज मिळतो. दुकानागणिक दर वेगळा, माल साधारण सारखाच: फ्लोटचा वॉल्व्ह (वाटीत पुरेसं पेट्रोल आलं की ते अडवणारा) आणि त्याची सीट, मेन जेट आणि पायलट जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे), थ्रॉटलने वर-खाली होणाऱ्या स्लायडरची पिन आणि क्लिप, एअर स्क्रू, ओ-रिंगा, वाटीचं पॅकिंग.

किट घ्यावा. पण त्यातला अर्धाच वापरावा.

पॅकिंग, ओ-रिंगा आणि फ्लोटचा वॉल्व्ह, एवढ्यासाठीच पैसे वसूल होतात. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं आणि सुकलं की तडकतं. जुना वॉल्व्ह काढून उजेडात धरा. टोकावर बारीक गोल खाच दिसली तर तो पेट्रोल अडवणार नाही. वॉल्व्ह बदलताना सीटही बदला आणि तिच्याखालचा वायसर विसरू नका. ओव्हरफ्लो न थांबण्याचं कारण बरेचदा तो वायसरच असतो. बसवल्यावर वाटी न लावता कार्ब्युरेटर उलटा धरा, पेट्रोलच्या तोटीला स्वच्छ पाइप लावून फुंका. फ्लोटच्या वजनाने वॉल्व्ह मिटलेला असतो, हवा जाता कामा नये. सुलटा केला की जायला हवी. एवढ्या तपासणीने कार्ब्युरेटर पुन्हा उतरवण्याची वेळ टळते.

जेटांच्या बाबतीत हा किट निराश करतो. आरएक्सचा मूळ कार्ब्युरेटर मिकुनीचा, त्याच्या जेटांची भोकं मापात असतात. मेन आणि पायलट जेट झिजत नाहीत, तुंबतात. किटमधल्या जेटवर आकडा बरोबर छापलेला असतो, पण भोक त्या मापाचं असेलच याचा भरवसा नाही; भिंगातून पाहिलं तर कडेला पितळेची कुसळं दिसतात. भोक मोठं निघालं तर प्लग काळा पडतो आणि गाडी वरच्या आरपीएमला मिसिंग करते. लहान निघालं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याचा शेवट पिस्टन जाम होण्यात होतो. म्हणून जुनेच जेट धुऊन लावा. अगदीच खराब असतील तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी भंगारातला मूळ कार्ब्युरेटर शोधणं किटच्या जेटांपेक्षा बरं. पिनेवर मात्र बोट फिरवून बघा. पायरी लागली तर पिन आणि ती ज्या जेटमधून सरकते तो, दोन्ही जोडीने बदलायचे.

गाडी चोकवरच चालते आणि चोक बंद केला की मरते, या हट्टी तक्रारीचं मूळ बहुधा पायलट जेटमध्ये असतं. भोक केसाएवढं, सुई किंवा ड्रिल अजिबात घालू नका. वायरमधली तांब्याची एकच तार पुरते. पण जेट साफ झाला म्हणजे वाट मोकळी झाली असं नाही. एअर स्क्रू काढून त्या भोकात कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारा. स्लायडरच्या खालच्या बारीक भोकातून धार यायलाच हवी, आणि ती थेट डोळ्यात येते, म्हणून चष्मा लावा. मग स्क्रू हलकेच पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर काढा आणि इंजिन गरम झाल्यावर बारीक फरक करा.

एवढं करूनही थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली येत नसेल तर जेट बदलत बसू नका. कुठून तरी जादा हवा ओढली जाते आहे. आधी कार्ब्युरेटर आणि इंजिनामधला रबरी जॉइंट पाहा. इंजिन चालू असताना, सायलेन्सरपासून दूर, जॉइंटवर थोडा क्लीनर मारा. आवाज बदलला तर चीर तिथेच आहे. जॉइंट धडधाकट निघाला तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलेलं असू शकतं. मॅग्नेट पुलरनेच काढा, हातोड्याने नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर खूण वेगळी: गिअरचं ऑइल कमी होत जातं आणि दाट पांढरा धूर निघतो. यातला एकही दोष कुठलाच किट घालवणार नाही.

काही किलोमीटरवर बंद पडणारी आणि थोडं थांबलं की सुरू होणारी गाडी असेल तर बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. लगेच सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, कार्ब्युरेटर उघडायचं कारणच नाही.

किटच्या पाकिटावर ऑइल पंपाचा, म्हणजे इंजिनाला टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल पुरवणाऱ्या पंपाचा, उल्लेखही नसतो, ही मोठी उणीव आहे. आरएक्सची थ्रॉटल केबल ऑइल पंपालाही जाते. कार्ब्युरेटर परत चढवल्यावर पंपाच्या खुणा जुळतात का ते बघा आणि ऑइलच्या नळीत बुडबुडा असेल तर पंपाच्या स्क्रूमधून हवा काढून टाका. पहिल्या टाकीला लिटरमागे 20 मिली टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळा. आधीच्या मालकाने पंप काढून टाकला असेल तर प्रत्येक टाकीला मिसळावं लागेल, तेव्हा गाडी सुरू करण्याआधी पंप जागेवर आहे का ते पाहून घ्या.